गळ्यातल्या गाठीची एफएनएसी: माझा अनुभव

एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायची टेस्ट, म्हटलं की लोकांच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात, एक म्हणजे कॅन्सर आणि दुसरी म्हणजे सुई लागली की गाठ पसरते. मला ही टेस्ट सांगितली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने यातलं काही ना काही बोलून दाखवलं आणि मी रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर वाचत बसायचे, पण जे सापडायचं ते एकतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं नाहीतर नुसतं घाबरवून सोडणारं. टेबलवर आडवं झाल्यावर नेमकं काय करतात, किती दुखतं, रिपोर्टवर जो आकडा येतो त्याचा अर्थ काय, आणि पहिल्या वेळी निदानच झालं नाही तर पुढे काय, हे कोणी सरळ सांगत नव्हतं. म्हणून जरा लांबण लावून लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, पण दोन्ही वेळा डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले आणि त्यांनीही न कंटाळता उत्तरं दिली, त्यातलं जे नीट समजलं तेवढंच इथे.

माझी गाठ थायरॉइडची. गळ्याच्या खालच्या भागात, मधल्या रेषेच्या जराशी उजवीकडे. दुखत नव्हती, आवाज बसला नव्हता, गिळायला त्रास नव्हता, त्यामुळे मला पत्ताच नव्हता, ताईच्या लक्षात आलं की मी पाणी पिताना तिथे काहीतरी वर-खाली होतंय. थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेला चिकटलेली असते म्हणून गिळताना ती वर सरकते आणि तिच्यातली गाठही सोबत सरकते, डॉक्टरसुद्धा तपासताना म्हणूनच एक घोट पाणी प्यायला लावतात.

मला वाटलं होतं गाठ म्हटल्यावर लगेच सुई, पण तसं नसतं. आधी रक्ताची टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी. कारण टीएसएच खूप कमी आली तर ती गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवत असू शकते, मग थायरॉइडचा स्कॅन करतात, आणि असल्या 'हॉट' गाठीत कॅन्सर निघणं इतकं दुर्मिळ की सहसा सुई घालायची वेळच येत नाही. माझी टीएसएच नॉर्मल होती. मग सोनोग्राफी. डॉक्टर म्हणाल्या, 'तुम्ही घाबरू नका, शोधायलाच बसलो तर गाठी खूप लोकांच्या गळ्यात सापडतात.' आणि खरंच, काही त्रास नसलेल्या लोकांची सोनोग्राफी केली तेव्हा वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये १९ ते ६८ टक्के लोकांच्या थायरॉइडमध्ये गाठ दिसलीय, बायकांमध्ये आणि वाढत्या वयात जास्त. त्यातल्या बहुतेक साध्याच असतात. म्हणजे गाठ आहे की नाही हा प्रश्नच नसतो, कुठल्या गाठीत सुई घालायची हा प्रश्न असतो.

ते ठरवायला सोनोग्राफीवाले गाठीला गुण देतात, त्याला टायरॅड्स म्हणतात. गाठ भरीव आहे की पाण्याची, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट दिसते का, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत बारीक पांढरे ठिपके आहेत का, असं बघून बेरीज करतात आणि टीआर१ ते टीआर५ असा वर्ग देतात. टीआर१, टीआर२ ला सुई नाहीच. टीआर३ असेल तर गाठ २.५ सेंटिमीटर झाल्यावर, टीआर४ ला १.५ सेंटिमीटर, आणि टीआर५ म्हणजे जास्त संशय असेल तर १ सेंटिमीटरलाच सुई. (हे अमेरिकन रेडिओलॉजीवाल्यांचे आकडे, दुसरीकडच्या पद्धतींत थोडा फरक असतो.) माझी २ सेंटिमीटरच्या थोडी वर, टीआर४, आणि मिश्र, म्हणजे बराचसा भाग पाण्याचा आणि एका भिंतीला लागून भरीव तुकडा. हा भरीव तुकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

पहिली सुई बोटांनी चाचपून झाली. सोनोग्राफी लावली नव्हती, गाठ हाताला चांगली लागत होती म्हणून डॉक्टरांनी दोन बोटांत धरली आणि सुई घातली. भूल दिली नाही. त्याचं कारण असं की भुलेचं इंजेक्शन म्हणजेही एक टोचणंच, आणि एफएनएसीची सुई इतकी बारीक असते (२३ ते २७ गेज, म्हणजे रक्त काढायच्या सुईएवढी नाहीतर तिच्याहून बारीक) की बरेच डॉक्टर म्हणतात कशाला उगाच. दुखलं का, तर आत जाताना नेहमीच्या इंजेक्शनसारखं, मग आत हलवताना एक विचित्र दाब आणि कानाकडे जाणारी कळ. कानाचं ऐकून घाबरू नका, थायरॉइडला सुई लागली की कळ जबड्याकडे, कानाकडे जाते, बऱ्याच जणांना तसं होतं.

सिरिंजमध्ये तपकिरी पाणी आलं, चॉकलेटी म्हणतात ना तसला रंग. मी बघितलं आणि पोटात गोळा आला. पण डॉक्टर शांतपणे म्हणाले की हे जुनं रक्त आहे, गाठीच्या आत कधीतरी थोडं रक्त सांडतं, ते तिथेच साठून राहतं आणि असा रंग येतो, रंगावरून वाईट काही समजायचं नाही. गाठ तिथल्या तिथे चापटली. मला तर वाटलं की झालं, सुटले.

रिपोर्ट काउंटरवरून हातात आला. देणाऱ्या माणसाने वर-वर बघून सांगितलं की काही निघालं नाहीये, आणि घरी सगळे खूश. मला तो माणूस आठवला की अजून वाईट वाटतं, त्याचा हेतू चांगलाच होता पण असला रिपोर्ट नुसता काउंटरवरून देऊ नये, डॉक्टरांच्या टेबलावरच उघडावा. कारण त्यावर लिहिलं होतं 'सिस्ट फ्लुइड ओन्ली, नॉन-डायग्नॉस्टिक, बेथेस्डा कॅटेगरी १', म्हणजे नुसतं सिस्टचं (पाण्याच्या गाठीचं) पाणी आलंय, निदान होत नाही. (बेथेस्डा म्हणजे थायरॉइडच्या सुईच्या रिपोर्टला १ ते ६ असे वर्ग देण्याची पद्धत.) डॉक्टरांनी वाचून सरळ सांगितलं, 'याचा अर्थ गाठ साधी आहे असा नाही, आणि वाईट आहे असाही नाही. याचा अर्थ आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही.'

हे का झालं ते त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पाण्याच्या गाठीत सुई गेली की पाणी येतं, आणि पाण्यात असतात मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी, ज्यांनी जुनं रक्त गिळलेलं असतं. त्या कुठल्याही सिस्टमध्ये सापडतात. निदान ज्यावर करायचं त्या थायरॉइडच्या स्वतःच्या पेशी असतात भिंतीत आणि त्या भरीव तुकड्यात, आणि पहिल्या सुईने त्या तुकड्याला हातच लागला नव्हता. थायरॉइडचं सॅम्पल पुरेसं मानायला एक माप ठरलेलं आहे, फॉलिक्युलर पेशींचे (म्हणजे याच थायरॉइडच्या स्वतःच्या पेशींचे) कमीत कमी ६ पुंजके, आणि प्रत्येक पुंजक्यात कमीत कमी १० पेशी. (भरपूर घट्ट कोलॉइड, म्हणजे थायरॉइडमधला चिकट पदार्थ, मिळालं, किंवा पेशी कमी असूनही त्या उघड वाईट दिसल्या, तर हे माप लावत नाहीत.) तेवढ्या मिळाल्या नाहीत तर पॅथॉलॉजिस्टने अंदाज बांधायचाच नाही, नॉन-डायग्नॉस्टिक लिहायचं. मला हे फार पटलं. अर्धवट मालावर 'साधी आहे' असं लिहून मोकळं होण्यापेक्षा 'मला कळलं नाही' असं स्पष्ट लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट कधीही बरा.

मग काही आठवड्यांनी पुन्हा. या वेळी सोनोग्राफी लावून, आणि सायटोपॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः मायक्रोस्कोप घेऊन त्याच खोलीत. हा जो फरक आहे ना तो सगळ्यांना कळावा म्हणून मी एवढं लिहितेय. टेस्टचं नाव तेच, सुई तीच, पण सुईचं टोक नेमकं कुठे आहे ते पडद्यावर दिसणं आणि पेशी आल्यात की नाही ते जागेवर कोणीतरी बघणं, यात आणि अंदाजाने घालण्यात खूप अंतर आहे, विशेषतः गाठ मिश्र असेल, खोल असेल किंवा मागच्या बाजूला असेल तर.

आता टेबलवरचं सांगते. आधी विचारतात की रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, रक्तस्रावाचा काही आजार आहे का. अशा गोळ्या चालू असल्या तरी बऱ्याचदा बंद कराव्या लागत नाहीत, पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आपण मनाने बंद करायच्या नाहीत, हृदयासाठी चालू असलेली गोळी अशी परस्पर बंद करणं या सुईपेक्षा कितीतरी धोक्याचं. उपाशी राहायची गरज माझ्या वेळी नव्हती. उताणं झोपवतात, खांद्याखाली उशी देतात म्हणजे डोकं मागे जातं आणि गळा ताणला जातो. ज्यांना मानेचा त्रास आहे त्यांनी हे आधीच सांगावं, कारण मला सुईपेक्षा या अवस्थेत पडून राहणंच जड गेलं. मग थंड जेल, प्रोब, पडद्यावर काळा-पांढरा गळा. मला पडदा दिसत होता. काळा पोकळ भाग म्हणजे पाणी (पुन्हा भरलं होतं, सिस्ट नुसती उपसली की बऱ्याचदा भरतेच) आणि एका बाजूला करडा तुकडा.

या वेळी भूल दिली, आणि खरं सांगायचं तर भुलेचं औषध आत जाताना जे चुरचुरलं तेवढंच काय ते दुखलं. मग मॅडम म्हणाल्या, 'आता मी सांगेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर हात वर करा.' गिळलं की ग्रंथी सरकते आणि सुई आत असते, म्हणून. नेमकं तेव्हाच गिळावंसं वाटतं, ते वाटणारच, मी पडद्यावरच्या त्या करड्या तुकड्याकडे बघत राहिले आणि नाकाने सावकाश श्वास घेत राहिले, तेवढ्याने निभावलं. सुई आत असते ती सेकंदातच मोजण्याइतकी. आधी पाणी काढून घेतलं म्हणजे भरीव भाग मोकळा दिसतो. मग दुसरी सुई, सरळ त्या तुकड्यात. पडद्यावर एक पांढरी चकचकीत रेघ आत आली आणि तिचं टोक तुकड्यात भराभर मागे-पुढे होऊ लागलं. ते बघताना भीती नाही वाटली, उलट बरं वाटलं, की हां, आता योग्य जागी आहे.

एक गोष्ट मला नवीन होती. दुसऱ्या वेळी भरीव तुकड्यात घालताना सिरिंज लावलीच नव्हती, नुसती सुई. मला वाटायचं ओढल्याशिवाय येणार कसं. तर बारीक सुईच्या नळीत पेशी आपोआप चढतात, ओढून घेतलं तर थायरॉइडसारख्या रक्ताने भरलेल्या अवयवातून रक्तच जास्त येतं आणि स्लाइडवर पेशी लाल रक्तपेशींच्या गर्दीत हरवतात. म्हणून बरेच जण आधी न ओढता करतात आणि कमी आलं तर ओढतात. एकाच भोकावर भागत नाही हेही सांगून ठेवते, वेगवेगळ्या बाजूंनी दोन ते पाच वेळा सुई घालणं नेहमीचंच आहे, प्रत्येक वेळी नवी सुई. कोणी पुन्हा सुई उचलली म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजू नका.

सुई बाहेर आली की पुढचं इतक्या झटपट होतं की बघत राहावं. सिरिंजमध्ये आधी हवा भरून ठेवलेली असते, सुई तिला जोडली, टोक काचेच्या स्लाइडला टेकवलं, हवा दाबली, आणि काचेवर एक थेंब पडला. एवढासा, लालसर, टाचणीच्या डोक्याएवढा. मला वाटलं एवढ्यात काय दिसणार. मॅडमनी दुसरी काच त्यावर टेकवून हलक्या हाताने पसरवली, जोर लावला तर पेशी चिरडतात, आणि लगेच एक काच अल्कोहोलच्या डबीत बुडवली, एक तशीच हवेत वाळवली. अल्कोहोलवाली पॅप स्टेन नावाच्या रंगासाठी, तिच्यात पेशीच्या केंद्रकाचा तपशील चांगला दिसतो, आणि हवेत वाळवलेली जिम्साच्या जातीच्या रंगासाठी, तिच्यात कोलॉइड आणि पेशीचा बाकीचा भाग चांगला दिसतो. अल्कोहोलवाली बुडवायला उशीर झाला तर पेशी वाळतात, फुगल्यासारख्या दिसतात आणि मग वाचणाऱ्याला त्रास. सुई कितीही छान लागली तरी हे पुढचं नीट झालं नाही तर सगळं वाया, म्हणून मला वाटतं एफएनएसी हे निम्मं सुईचं काम आहे आणि निम्मं काचेचं. सुई धुवून निघालेला माल आणि सिस्टचं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवलं, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेल्या पेशी बघतात, पुरेसं असलं तर त्याचा सेल ब्लॉक, म्हणजे पेशी मेणात गोठवून केलेली वडी, बनवतात.

हवेत वाळवलेल्या काचेला तीन डब्यांत बुडवून झटपट रंग दिला आणि मॅडम मायक्रोस्कोपला बसल्या. मी गळ्यावर कापूस दाबून बसलेली. थोड्या वेळाने म्हणाल्या, 'आल्यात, पुरेशा आहेत, अजून एकदाच घेऊ.' तो शब्द ऐकून जो जीव भांड्यात पडला! म्हणजे निदान अजून झालं नव्हतं, पण परत यावं लागणार नाही एवढं तरी नक्की झालं. मी विचारलं बघू का, तर त्यांनी खुर्ची दिली. निळ्या-जांभळ्या गोल ठिपक्यांचे सपाट पुंजके, ठिपक्यांमध्ये सारखं अंतर, आणि मागे फिकट जांभळ्या रंगाचा थर, त्याला भिंतीवरचा जुना रंग वाळून तडे जावेत तसे तडे. ते कोलॉइड, थायरॉइड जिथे आपला हार्मोन साठवते तो चिकट पदार्थ. मॅडम म्हणाल्या भरपूर कोलॉइड, सपाट पुंजके आणि एकसारखी केंद्रकं हे चांगलं दिसणं. एकावर एक चढलेली केंद्रकं, त्यांच्यावर कॉफीच्या बीसारखी उभी खाच, आत पोकळीसारखे गोल, असं दिसलं तर पॅपिलरी कॅन्सरचा, म्हणजे थायरॉइडच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा, विचार करतात. पण शेवटचा शब्द सगळ्या स्लाइड नीट बघूनच, हेही त्यांनी लगेच जोडलं, आणि ते बरोबरच होतं.

नंतर दहाएक मिनिटं दाबून धरलं, छोटी पट्टी लावली आणि थोडा वेळ बाहेर बसवून घरी सोडलं. गळ्यावर निळसर डाग पडला तो काही दिवसांत गेला, दुखलं तेव्हा पॅरासिटामॉल पुरली. कोणाकोणाला टोचल्यावर चक्कर येते, ती भीतीने रक्तदाब उतरल्यामुळे, म्हणून लगेच उठू नये. गळ्याला झपाट्याने सूज यायला लागली, श्वास घ्यायला जड गेलं किंवा ताप आला तर मात्र थांबायचं नाही, लगेच परत जायचं. असं क्वचितच होतं, पण कागदावर लिहून देतात आणि ते वाचावं.

आता ते पसरण्याबद्दल, कारण माझ्या आईने याच भीतीने मला दोनदा थांबवायचा प्रयत्न केला. तिची काळजी समजते. सुईच्या वाटेने पेशी सांडून तिथे गाठ झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, नाहीत असं नाही, पण थायरॉइडमध्ये बारीक सुईने तसं होणं फार म्हणजे फारच दुर्मिळ. मी हा प्रश्न दोघा डॉक्टरांना वेगवेगळा विचारला आणि दोघांनी एकच सांगितलं, की वाईट गाठ वाईट असल्यामुळे वाढते, सुई लागल्यामुळे नाही, आणि सुई टाळून जे महिने जातात ते खरे महाग पडतात. आईला मी सोबत नेलं, तिने स्वतः मॅडमना विचारलं, मग तिची समजूत पटली. घरात कोणी अडून बसलं असेल तर त्यांना सोबत न्या, आपण दहा वेळा सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं लागू पडतं.

आणि ही काही काल-परवाची टेस्ट नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधून हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी सुईने गाठीतल्या पेशी ओढून निदान करण्यावर १९३० मध्येच लिहिलं होतं, तेव्हा सुई जाड होती. मग १९५० आणि ६० च्या दशकांत स्वीडनच्या कॅरोलिन्स्कामधल्या डॉक्टरांनी बारीक सुईने हे नियमित करून दाखवलं आणि तिथून ते सगळीकडे गेलं. ही टेस्ट रुळायच्या आधी थायरॉइडच्या गाठी निव्वळ संशयावरून कापल्या जायच्या, आणि थायरॉइडचं ऑपरेशन म्हणजे आवाजाची नस, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी आणि पूर्ण ग्रंथी काढली तर जन्मभराची गोळी. एका थेंबाने त्यातली किती ऑपरेशनं टळली असतील याचा विचार केला की मला खरंच कृतज्ञ वाटतं.

रिपोर्ट आला बेथेस्डा २, म्हणजे बिनाइन, साधी कोलॉइड गाठ आणि आत सिस्ट झालेली. हे आकडे ज्यांच्या हातात रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी लिहिते, कारण लोक कॅटेगरीला स्टेज समजतात. कॅटेगरी ४ म्हणजे चौथी स्टेज नव्हे, स्टेजचा याच्याशी काही संबंध नाही! १ म्हणजे सॅम्पल अपुरं. २ साधी. ३ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या वाटतात पण नक्की सांगता येत नाही. ४ फॉलिक्युलर निओप्लाझम, म्हणजे फॉलिक्युलर पेशींची अशी वाढ जी साधी की कॅन्सर हे सुईवरून ठरत नाही. ५ कॅन्सरचा दाट संशय. ६ कॅन्सर. बेथेस्डाच्या २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक वर्गात प्रत्यक्षात कॅन्सर निघण्याचं सरासरी प्रमाण दिलंय, २ ला साधारण ४ टक्के, ३ ला २२, ४ ला ३०, ५ ला ७४ आणि ६ ला ९७. आणि १ ला १३ टक्के, म्हणून म्हणते की 'काही निघालं नाही' ऐकून घरी बसू नका. हे आकडे बरेचसे ज्यांचं पुढे ऑपरेशन झालं त्यांच्यावरून काढलेले असतात, म्हणजे आधीच जरा संशय असलेले लोक, हेही डॉक्टरांनी मला सांगितलं.

कॅटेगरी ४ चं जरा वेगळं आहे आणि तिथे सुईची मर्यादा दिसते. फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सर हे पेशींच्या दिसण्यावरून ठरतच नाही, ती गाठ आपल्या आवरणातून किंवा रक्तवाहिनीत घुसलीय का यावर ठरतं, आणि ते बघायला आख्खी गाठ आवरणासकट हवी. सुईने पेशी येतात, आवरण येत नाही. म्हणून तिथे मॉलिक्युलर टेस्ट (पेशींच्या जनुकांची तपासणी) किंवा अर्धी ग्रंथी काढून तपासणं, असं सुचवतात. डॉक्टरांना जमलं नाही म्हणून ऑपरेशन सांगतायत असं नसतं ते.

गाठ कुठली यावरही बरंच अवलंबून असतं. माझ्या मावशीच्या स्तनात पाण्याची गाठ होती, सुईने पाणी निघालं, रक्ताळलेलं नव्हतं आणि गाठ पूर्ण विरली, तर तिथे विषय संपला, पाणी तपासायलाही पाठवलं नाही आणि ते नियमाला धरूनच होतं. पाणी रक्ताळलेलं असतं किंवा उपसल्यावरही गाठ उरली असती तर पुढे तपासलं असतं. पण स्तनातली भरीव गाठ असेल तर आता बऱ्याच ठिकाणी जाड सुईची कोअर बायोप्सी करतात, तिच्यात पेशी नाही तर मांसाचा बारीक तुकडा येतो आणि कॅन्सर आजूबाजूला घुसलाय का हे कळतं, हार्मोन रिसेप्टरच्या टेस्टही नीट होतात. मानेतल्या लिम्फ नोडच्या गाठींमध्ये टीबी शोधायला एफएनएसी फार कामाची, त्याच मालावर टीबीच्या जंतूंचा स्टेन, कल्चर आणि जीन टेस्ट होते, मात्र लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फ नोडमधल्या पेशींच्याच कॅन्सरचा, संशय असला की बहुतेक वेळा आख्खी गाठ काढून बघतात. आणि सगळ्या गाठींत सुई घालत नाहीत, अंडकोषाच्या गाठीत किंवा मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिनीजवळच्या गाठीत सहसा टाळतात, म्हणून आधी सोनोग्राफी आणि मगच सुई हा क्रम कोणी घाईत उलटा करत असेल तर विचारा.

विचारा म्हणजे भीड न बाळगता विचारा. सोनोग्राफी लावून करणार का, पेशी पुरेशा आल्यात हे तिथेच कोणी बघणार का, थायरॉइडच्या स्लाइड नेहमी वाचणारे पॅथॉलॉजिस्ट आहेत का. मला कोणीही यावर वैतागून बोललं नाही. आणि स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात, दुसरं मत हवं असेल तर मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात, पुन्हा सुई टोचावी लागेलच असं नाही, हे खूप जणांना माहीत नसतं.

माझ्या गाठीला आता औषध नाही, ऑपरेशन नाही. पाणी परत भरून गळ्याला त्रास झाला तर सोनोग्राफीखाली आत अल्कोहोल सोडून सिस्ट आक्रसवायचा उपाय आहे असं डॉक्टर म्हणाल्या, पण आत्ता तशी गरज नाही. वर्षा-दीड वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करायचीय, त्यात कमीत कमी दोन मापांत २० टक्के वाढ आणि निदान २ मिलिमीटर फरक दिसला, किंवा भरीव तुकड्याचं रूप बदललेलं वाटलं, तर परत एकदा सुई. मागचे रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे फोटो एका फाइलमध्ये लावून ठेवलेत, कारण वाढली की नाही हे जुन्या मापाशिवाय कोणालाच सांगता येत नाही.